गिलानुपट्ठाकाचे पात्रचीवर

विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खंधकात आलेली आजारी भिक्खूची कथा आपल्या वाचकांना सुपरिचित आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे गेले, त्याला स्नान घातले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला रुग्णसेवेविषयी उपदेश केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या मानवतेचे दर्शन घडविताना ही कथा आवर्जून घेतली आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होते, तेव्हा मराठवाड्यातील लहानमोठ्या विहारांतून ती ऐकली जाते. श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि प्रवचनकार निष्कर्ष सांगतात, की रुग्णसेवेसारखा दुसरा धम्म नाही. सेवा करणाऱ्याने स्वतःला विसरून जावे.

या निष्कर्षाचा पूर्वार्ध कथेत आहे. उत्तरार्ध मात्र आपण आपल्या पदरचा जोडला आहे. तो कसा जोडला गेला आणि त्याची किंमत कोण मोजते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जालना जिल्ह्यातील परतूर येथील एखाद्या घराची कल्पना करावी. घरातील कर्त्या पुरुषाला तोंडाचा कर्करोग झाला आहे आणि तो बराच पुढे गेला आहे. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावरील हे गाव. उपचारासाठी जालना, तेथून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि प्रसंगी थेट मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, अशा वाऱ्या सुरू होतात. शेवटी डॉक्टर सांगतात, की आता घरी न्या. तेथून पुढची सारी रुग्णसेवा पत्नीच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या हाती येते. जखम धुणे, पातळ अन्न भरविणे, रात्री कण्हणे ऐकत बसणे आणि दिवसा मजुरीला जाणे, हे सारे एकाच देहाने करावयाचे. शासकीय आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो. तिची बुडालेली मजुरी आणि बुडालेली झोप कोणत्याही हिशोबात धरली जात नाही. अशी स्त्री विहारात मागच्या रांगेत बसून ही कथा ऐकते, तेव्हा तिला त्यातून काय मिळते? आपण सांगतो त्या रूपात तिला आणखी एक आज्ञा तेवढी मिळते.

वस्तुतः मूळ कथा निराळे काही सांगते. पहिली गोष्ट अशी, की त्या भिक्खूला उचलणारे दोघे होते. आनंदाने पाणी आणले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवले. स्वतः तथागतांनीही हे काम एकट्याने केले नाही. दुसरी गोष्ट, इतर भिक्खू त्याच्याकडे का फिरकत नव्हते, याचे कारण कथेत स्पष्ट आहे : तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता. म्हणजे कथेचा रोख समूहाच्या उदासीनतेवर आहे. म्हणूनच पुढे नियम येतो, तो समूहासाठी. रुग्णाचा उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहाध्यायी यांनी सेवा करावी. यांपैकी कोणी नसेल तर ती संघाची जबाबदारी, आणि संघाने टाळाटाळ केली तर तो दोष. एकाच व्यक्तीने झिजून जावे, असा आदेश येथे नाही.

तिसरी गोष्ट तर आपण जवळजवळ वगळूनच टाकली आहे. सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगताना विनय रुग्णाचेही गुणदोष सांगतो. गिलानुपट्ठाकाला, म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला, औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस मानू नये आणि वेळोवेळी धम्मवचनांनी रुग्णाला धीर द्यावा. त्याचबरोबर, जो रुग्ण पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, आपल्या वेदनेची खरी स्थिती सांगत नाही, तो शुश्रूषेला कठीण असतो, हेही तेथे नमूद आहे. शुश्रूषा कठीण असू शकते, हे मान्य करणारा हा प्राचीन ग्रंथ आहे. आपल्या घरांतून मात्र थकलेल्या स्त्रीने ‘आता होत नाही’ एवढे म्हटले, तरी ते पाप ठरते.

यानंतर लगेच येणारा नियम विशेष महत्त्वाचा आहे. रुग्ण भिक्खू निवर्तल्यावर त्याचे पात्र आणि चीवर कोणाला द्यावे? शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत, असे सांगून संघाने ते त्यांना द्यावे, असे ठरविण्यात आले. सेवा करणारा केवळ श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असेही सांगितले. भिक्खूच्या परिग्रहात पात्रचीवराखेरीज फारसे असतेच काय? तेच शुश्रूषकाच्या हाती दिले जाते, आणि तेही सर्व संघासमक्ष. सेवेची अशी उघड नोंद करणारा हा नियम आपल्या प्रवचनांतून का गळला, याचे उत्तर आपणच द्यावयास हवे.

आता स्वतःच्या जपणुकीचा प्रश्न. संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात बांबूवर कसरती करणारा डोंबारी आणि त्याचा शिष्य मेदकथालिक यांचा संवाद आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य उलट सुचवितो, की प्रत्येकाने आधी आपला तोल सांभाळावा, तरच दोघे सुखरूप खाली उतरतील. भगवंतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरविले; परंतु तेथेच न थांबता त्यांनी दोन्ही बाजू जोडल्या. स्वतःची जपणूक करणारा इतरांची जपणूक करतो, आणि क्षांती, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी इतरांना जपणारा स्वतःलाही जपतो. शुश्रूषेला ही उपमा नेमकी लागू पडते. वर चढलेल्याचा भार खांद्यावर असताना खालच्याने झोप, अन्न आणि श्वास सोडून दिला, तर दोघेही कोसळतात. सेवा करणाऱ्याने दुपारी दोन तास झोपणे, स्वतःच्या रक्तदाबाची गोळी घेणे, शेजारणीकडे जाऊन रडून येणे, यांना स्वार्थ म्हणणारे सेदक सुत्त विसरले आहेत.

अंगुत्तरनिकायातील नकुलमातेची कथाही या संदर्भात वाचावी. पती गंभीर आजारी असता ती त्याला सांगते, की चिंतेत मरण पत्करू नका. मी सूत कातण्यात निपुण आहे, मुलांचे पोषण करीन, घर सांभाळीन, शीलापासून ढळणार नाही. तिचा धीर स्वतःच्या हातातील कौशल्यातून येतो. मात्र येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. नकुलपिता बरा होतो. पुढे गेलेला कर्करोग बहुधा बरा होत नाही. म्हणून या कथेतील घेण्यासारखी गोष्ट तिचा सुखान्त नसून मरणाविषयी मोकळेपणाने झालेले बोलणे आहे. आपल्याकडे रोगाचे नावसुद्धा रुग्णापासून लपविले जाते आणि त्या लपवाछपवीचे ओझेही सेवा करणारीच वाहते. त्यात कोणीतरी पूर्वजन्मीच्या कर्माचा उल्लेख करून जातो. प्रत्येक वेदना पूर्वकर्माचे फळ मानणे भगवंतांनी सीवक सुत्तात नाकारले आहे. पित्त, कफ, वात, ऋतू अशी कारणे त्यांनी सांगितली आहेत. हे त्या घरात जाऊन स्पष्टपणे सांगणे, हीसुद्धा शुश्रूषाच होय.

आपल्या अर्वाचीन इतिहासाकडे वळले, तर हीच परीक्षा आपल्याला अधिक जवळून द्यावी लागते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांचा बाबासाहेबांशी विवाह झाला. मधुमेह आणि मज्जातंतूंच्या वेदनांनी ग्रस्त असलेल्या त्या महापुरुषाच्या अखेरच्या साडेआठ वर्षांत डॉ. सविता आंबेडकर या पत्नीही होत्या आणि वैद्यही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, तीत आपल्या खालावलेल्या प्रकृतीचा उल्लेख करून पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याविषयी कृतज्ञता नोंदविली होती. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० साली प्रकाशात आणली. दरम्यान सविताबाईंवर संशय घेतला गेला. शासकीय चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी तो संशय पुरता विरला नाही. रुग्णाने स्वहस्ते दिलेले पात्रचीवर असे तेवीस वर्षे अंधारात राहिले.

त्यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन १९९० साली आले. शुश्रूषकाचे लेखन म्हणून ते वाचताना एक उणीव जाणवते. लेखिकेला पदोपदी आरोपांना उत्तर द्यावे लागते. त्यामुळे आहार, औषधे, डॉक्टरांच्या भेटी यांची साक्ष विपुल येते, पण स्वतःच्या थकव्याला, भीतीला, एकटेपणाला त्या मानाने जागा मिळत नाही. आरोपीला थकण्याचा अधिकार नसतो. त्याच आजारपणात रात्रीबेरात्री राबलेले नानकचंद रत्तू यांनी नव्वदच्या दशकात आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांत सविताबाईंविषयीची नाराजी लपत नाही. एका रुग्णाची सेवा करणारी ही दोन माणसे एकमेकांची आनंद होऊ शकली नाहीत. कोणाची बाजू खरी, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. सेवा करणाऱ्यांना समाजाने एकत्र आधार दिला नाही, तर त्यांच्यात दुरावा येतो, एवढे मात्र या दोन पुस्तकांतून शिकता येते.

हा दुरावा प्रत्येक गावात घडतो. तो टाळण्याची साधने अगदीच नाहीत असे नाही. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या नातलगांना आसरा देते; वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची शुश्रूषा करते; अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीने वेदनाशामक मॉर्फीन मिळण्याची वाट सुलभ केली. वेदना आटोक्यात आली, की रुग्णाबरोबर सेवा करणाराही रात्री झोपतो, ही माहिती परतूरच्या घरापर्यंत कोणीतरी पोहोचविली पाहिजे.

तेथे विहाराचे काम सुरू होते. मंडळातील चार घरांनी आठवड्यातील एकेक रात्र वाटून घ्यावी. एकाने रुग्णालयाच्या कागदपत्रांसाठी जावे. एका घरून दोन वेळचा डबा यावा. उपासिकांनी त्या स्त्रीला पौर्णिमेला मुद्दाम विहारात आणावे आणि तेवढा वेळ रुग्णापाशी दुसऱ्या कोणी बसावे. आणि रुग्ण निवर्तल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत मृताच्या गुणवर्णनाबरोबरच, त्याची शुश्रूषा कोणी केली हे नाव घेऊन, उभे करून सांगावे. विनयाने घालून दिलेली ही रीत आहे. पुढील वर्षावासात आजारी भिक्खूची कथा वाचली जाईल, तेव्हा ग्रंथ मिटण्यापूर्वी पात्रचीवराचा नियमही सांगावा. मागच्या रांगेत बसलेल्या त्या बाईला तो ऐकण्याचा अधिकार आहे.