मराठीतील अरबी शब्दांची धातुकुले आणि आपले कोश

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीचा पत्ता जुन्या वळणाने लिहावयाचा झाल्यास गावाच्या नावामागे ‘मु.’ आणि पुढे ‘ता. कल्याण, जि. ठाणे’ अशी अक्षरे पडतात. ग्रामनामे देशी आहेत. त्यांची जागा ठरवून देणारे मुक्काम, तालुका व जिल्हा हे तीनही शब्द मुळात अरबी होत. ‘जिल्हा’ हा बरगडी किंवा बाजू या अर्थाच्या शब्दापासून, ‘तालुका’ हा चिकटणे, संलग्न असणे या अर्थाच्या धातूपासून, तर ‘मुक्काम’ हा क्-व्-म् या उभे राहण्याच्या धातूपासून निघाला. याच शेवटच्या धातूची कायम, कौम, कयामत आणि किंमत ही अपत्ये मराठीत नांदत आहेत. परंतु ती एकमेकांची भावंडे आहेत अशी शंकाही सामान्य वाचकास येत नाही.

याचा दोष वाचकाकडे जात नाही. अरबी शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा राहतो. स्वर व उपसर्ग बदलले की अर्थाची छटा बदलते. मराठी कोश मात्र आद्याक्षरावर चालतो. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाचे अरबी मूळ खुणेने नोंदविलेले असते, आणि त्या काळाच्या मानाने ही दक्षता मोठीच. तरीही तहसील ‘त’मध्ये, महसूल ‘म’मध्ये आणि हशील ‘ह’मध्ये जाऊन बसतात. ह्-स्-ल् म्हणजे हाती येणे, प्राप्त होणे. वसुली ती तहसील, वसूल झाले ते महसूल. आणि ‘त्यात काय हशील?’ असे घरगुती भाषेत विचारणारा माणूसही नकळत प्राप्तीचाच हिशेब मागत असतो. अनुक्रमाच्या सोयीपायी हा संबंध कोशात दिसेनासा होतो.

माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या ‘फार्शी-मराठी कोशा’च्या (१९२५) नावावर असा आक्षेप घेता येईल की, अरबी शब्द फार्शीच्या खाती का मांडावे? हा आक्षेप वरवरचा आहे. मराठीने हे शब्द अरबांच्या तोंडून क्वचितच घेतले; ते फार्शी दप्तरातून आले. अंमलदार, मामलेदार यांत अरबी अंगाला फार्शी ‘दार’ जोडलेला आहे. (अंमल आणि मामला हेही एकाच धातूचे.) उच्चाराचा पुरावा त्याहून बळकट आहे. अरबीत भिन्न असलेली चार व्यंजने फार्शीत एकाच ‘झ’कारात मिसळतात, आणि मराठीत त्यांचा ‘ज’ किंवा ‘झ’ होतो. त्यामुळे दृष्टी या अर्थाची ‘नजर’ आणि भेट या अर्थाची ‘नजर’ मराठीत एकरूप झाली. पहिलीचा भाऊ नाझर. दुसरीचा वंशज नजराणा, त्याचे मूळ नवस या अर्थाच्या शब्दात. नजराण्यात कृपादृष्टीचा अर्थ शोधणारी व्युत्पत्ती कितीही गोड वाटली तरी खोटी आहे. ‘किताब’ या शब्दाची गतही अशीच. ग्रंथ या अर्थी तो लेखनाच्या धातूचा, पदवी या अर्थी मात्र मूळच्या ‘खिताब’चा, म्हणजे संबोधनाच्या धातूचा. येथे ‘ख’चा ‘क’ मराठीने स्वतः केला.

तेव्हा कोशात धातुकुले द्यावयाची तर मराठी रूपावरून कुले जुळविणे धोक्याचे ठरते. मूळ लिपीतील व्यंजने पाहिल्याखेरीज एक पाऊलही टाकता येत नाही. शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’ने शब्द विषयवार लावले, कारण यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू होता. त्याच्याकडून धातुविचाराची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. व्युत्पत्तिकोश म्हणविणाऱ्या ग्रंथांना ही सूट देता येत नाही. ‘हुकूम’पाशी ‘अरबी’ एवढेच लिहून थांबल्यास हाकीम, हकीम व हिकमत हे शब्द पोरके राहतात. आज्ञा, न्याय, वैद्यक आणि युक्ती यांना जोडणारा आवर घालण्याचा मूळ अर्थ हाती लागत नाही. घोड्याच्या लगामाच्या एका भागाचे अरबी नाव याच धातूवरून पडले आहे.

उलट, धातूचा अर्थ मराठी शब्दावर लादणेही तितकेच गैर. ‘कवाईत’ हे ‘कायदा’चे अरबी अनेकवचन, दोहोंच्या तळाशी बसण्याचा धातू आहे. परंतु मैदानावर कवाईत करणाऱ्या शिपायाला बसण्याची मुभा नसते, आणि मराठी कोशकाराने अर्थ द्यावयाचा तो त्या मैदानावरचाच.