आल्डसचा तिरपा टाइप

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस यानें इ. स. १५०१ त व्हर्जिलचें काव्य लहान आकारांत, सबंध तिरप्या अक्षरांत छापलें. हे खिळे फ्रांचेस्को ग्रिफो यानें कोरले. हा टाइप पेट्रार्कच्या हस्ताक्षरावरून घेतला, ही दंतकथा त्याज्य होय. त्याचें मूळ तत्कालीन इटालियन विद्वानांच्या धांवत्या लिखाणांत आहे. कागद वांचविणें हाच हेतु होता, हेंही आम्हांस पटत नाहीं. पद्यांत प्रत्येक चरणास स्वतंत्र ओळ लागते. अक्षर अरुंद केल्यानें ओळी कमी होत नाहींत. हस्तलिखिताचें रूप मुठींत मावेल अशा ग्रंथांत आणणें, हेंच खरें प्रयोजन दिसतें.

गुणदोष पाहतां, जोडअक्षरांमुळें ओळीस लपेटीचा डौल येतो. परंतु तितकेच जादा खिळे जुळाऱ्यास सांभाळावे लागतात. शिवाय मोठीं अक्षरें उभींच राहिल्यानें पंक्तीचा तोल ढळतो. पुढें १५२४ च्या सुमारास लेखक आरिगी याच्या टाइपांत वरखालचे दंड लांब व मोकळे झाले. सौष्ठवांत तो आम्हांस सरस वाटतो. कालांतरानें हें वळण मुख्य मजकुरांतून हटून ग्रंथनामें, परकी शब्द व विशेष भर यांपुरतें उरलें.

आमच्याकडे केरी यांचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास मोडी खिळ्यांनीं छापला गेला. खिळा हाताचें एकच वळण गोठवितो. हात मात्र बदलत जातो. म्हणून छापील मोडीशीं ताडून कागदाचा काळ ठरविणें संग्राहकांनीं टाळावें.