शोधकथा रंगली, पण पुरावा?

पॉल डी क्राइफ यांचे ‘मायक्रोब हंटर्स’ (१९२६) अनेक विज्ञानशिक्षकांना ठाऊक असेल. त्यांच्या ‘द मेल हॉर्मोन’ (१९४५) मध्येही टेस्टोस्टेरॉनची शोधकथा रंगली आहे. मात्र उतरत्या वयातील थकव्यावर हे संप्रेरक म्हणजे रामबाण उपाय, हा सूर पटत नाही. लेखक स्वतः ते घेत होते; पण एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

पुरुषांत रजोनिवृत्तीसारखा ठळक टप्पा नसतो. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते, लठ्ठपणानेही घटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत ४० ते ७९ वर्षांच्या पुरुषांपैकी सुमारे २ टक्क्यांतच कमतरता आणि तिच्याशी निगडित लक्षणे एकत्र आढळली.

पुस्तक जरूर वाचावे. वाचताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : औषध न घेतलेल्यांशी तुलना कुठे आहे?