हिरव्या दिव्याचे तर्कशास्त्र

आता आपण चाचण्यांकडे येऊ. वेब-ॲप्लिकेशनमध्ये बदल केला की स्वयंचलित चाचण्या धावतात. सगळ्या पास झाल्या की हिरवा दिवा लागतो. लगेच आपण म्हणतो, ‘सगळं बरोबर आहे.’ हे अनुमान टिकतं का? चाचणीने चूक असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही, असं डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच बजावलं होतं.

लॉगिनची चाचणी घ्या. ती पान उघडते, बटण दाबते. पण चुकीचा पासवर्ड नाकारला गेला का, हे विचारतच नाही. तरी त्या ओळी ‘कव्हरेज’मध्ये धरल्या जातात. म्हणजे १०० टक्के कव्हरेज सांगतं काय? ओळी चालल्या, एवढंच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की काही चाचण्या कधी पास होतात, कधी नापास. मग आपण काय करतो? हिरवी होईपर्यंत पुन्हा चालवतो. न्यायशास्त्रात व्यभिचाराचा एक दाखला हेतू बाद करायला पुरतो. इथे आपण दाखलाच बाद करतो! कदाचित दोन विनंत्यांचा क्रम उलटला असेल. उद्या तेच कुणाच्या तरी पैशांच्या व्यवहारात घडेल.

केंट बेक यांनी २००२ च्या पुस्तकात आधी नापास होणारी चाचणी लिहायला सांगितलं. ही शिस्त मोलाची आहे, कारण जी चाचणी कधी नापास होताना पाहिलीच नाही, ती काही तपासते की नाही हे कळणार कसं? तेव्हा कोडमधल्या एखाद्या बेरजेची मुद्दाम वजाबाकी करून बघू. दिवा तरीही हिरवाच राहिला, तर इतके दिवस आपण तपासत काय होतो?