‘गांव-गाडा’ ते ‘उपरा’ : कारागीर आणि कारागिरी

परभणी जिल्ह्यासारख्या ज्वारी-कापसाच्या मुलखात ग्रामीण कारागिरांचा विषय निघाला, की ‘लोककलांचे जतन’ हा शब्दप्रयोग हमखास योजला जातो. जतन कलेचे होते. ती कला ज्याच्या वाट्याला आली त्याचे काय, हा प्रश्न मराठीतील दोन ग्रंथांच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांना खेडे जवळून ठाऊक होते. (परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.) ‘कारू-नारूं’विषयी त्यांचा आक्षेप नेमका आहे. बलुते वंशपरंपरेने मिळणारच असेल, तर काम सुधारण्याची निकड कोणाला? हा युक्तिवाद सहजी खोडता येत नाही. मात्र आत्रे पाहतात ते कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून. त्यामुळे सुतार-कुंभाराच्या हातापेक्षा त्याने उचललेल्या वाट्याकडेच त्यांचे लक्ष अधिक जाते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात दृष्टिकोन उलटा होतो. येथे कैकाड्याचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव फिरते, फोक आणून टोपल्या विणते आणि त्या विकून पोट भरते. पारंपरिक कारागिरी म्हणून जिचा गौरव होईल, ती येथे जातीने लादलेली आणि उपासमार न टाळणारी मजुरी आहे. कथनाची सारी धडपड आहे ती शाळेकडे जाण्याची, म्हणजेच त्या विणकामापासून दूर होण्याची. १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाची चर्चा प्रामुख्याने वेदनेच्या अंगाने झाली. कारागिरीच्या गौरवाला त्याने दिलेले हे उत्तर त्या मानाने दुर्लक्षितच राहिले.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या विणण्याचाही समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज या तरतुदी आत्र्यांच्या आक्षेपाला उत्तर देतात. ‘उपरा’चा आक्षेप मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही. त्या आत्मकथनातील टोपलीमागे सबंध बिऱ्हाड राबते. योजनेत नोंदणी होते ती कुटुंबातील एकाच व्यक्तीची.