रेघ कोणी ओढायची?

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. तिथल्या भिंतीवरील एखाद्या मूर्तीचा फोटो विद्यार्थ्यापुढे ठेवा आणि मूर्तीभोवती पेन्सिलीने रेघ ओढायला सांगा. तो जमेल तशी ओढेल. संगणकाला मात्र हे जड जाते, कारण मूर्ती आणि मागची भिंत एकाच दगडाची.

२००४ साली रॉदर, कोल्मोगोरोव्ह आणि ब्लेक यांनी 'ग्रॅबकट' ही पद्धत मांडली. आपण वस्तूभोवती चौकोन काढायचा. चौकोनाबाहेरचे सारे पार्श्वभूमी, असे धरून संगणक रंगांची तुलना करतो आणि शेजारच्या पिक्सेलांत जिथे फरक मोठा, तिथून काप घेतो. चुकले तर आपण ब्रशने दुरुस्त करायचे. हिरव्या पानांतले लाल फूल असे छान सुटे होते. दगडावरचा दगड तसा होत नाही. तिथे सावलीचीच कड धरली जाऊ शकते.

मेटा कंपनीचे २०२३ मधील 'सेगमेंट एनिथिंग' बरेच पुढचे आहे. एका क्लिकवर ते आकार देते. आम्हाला आवडले ते हे, की क्लिक संदिग्ध असेल तर ते तीन उत्तरे पुढे ठेवते. मूर्तीच्या हारावर क्लिक केले, तर आपल्याला हवे काय? हार, मूर्ती की सारा शिल्पपट्ट? ते आपणच सांगायचे. तीन पर्याय देणे हा यंत्राचा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

नाव मात्र आम्हाला खटकते. 'काहीही वेगळे काढा' हा दावा मोठा आहे. त्यासोबतच्या संग्रहात १ कोटी १० लाख चित्रे आणि ११० कोटी आकार आहेत, पैकी ९९.१ टक्के आकार यंत्रानेच आखले. पण एकाही आकाराला नाव नाही. कड सापडणे वेगळे, वस्तू ओळखणे वेगळे.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हा फरक पुस्तकी नाही. उपग्रहचित्रावर जंगलाची कड दोन क्लिकांत मिळेलही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्क गावाच्या परंपरागत हद्दीवर ठरतो, झाडांच्या रंगावर नाही. ती हद्द गावातल्या जाणत्या माणसांनाच विचारावी लागते.

तेव्हा वर्गात हे साधन जरूर दाखवा. मात्र आधी मुलांना पेन्सिलीने रेघ ओढू द्या, मग यंत्राची रेघ पाहा. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे थांबून विचारा, "तू इथे काय पाहिलेस?" खरा धडा तिथूनच सुरू होतो.