कोरोचे दोन पूल

फ्रेंच निसर्गचित्रकार कामीय कोरो (१७९६–१८७५) ह्याचें नांव निघालें कीं, रसिकांच्या डोळ्यांपुढें धुक्यांत विरघळणारीं रुपेरी झाडें उभीं राहतात. त्याच्या कीर्तीचा हा पाया आम्हांस तितकासा भक्कम वाटत नाहीं.

कोरोच्या आईचें पॅरिसमध्यें स्त्रियांच्या टोप्यांचें दुकान होतें. मुलानें कापडाच्या व्यापारांत स्थिरावावें अशी बापाची इच्छा. परंतु मुलाचें लक्ष गिऱ्हाइकांत नव्हतें. अखेर १८२२ सालीं बापानें वर्षाकांठीं १५०० फ्रँकची नेमणूक करून दिली, आणि १८२५ सालीं स्वारी इटलीस निघाली.

तेथें नार्नी गांवाजवळ नेरा नदीवर ऑगस्टस बादशहाच्या काळचा एक भग्न पूल आहे. १८२६ सालीं कोरोनें मोकळ्या हवेंत तो कागदावर तैलरंगांत उतरविला. हें अभ्यासचित्र आज लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांत कथा नाहीं, सजावट नाहीं. उन्हांतल्या कमानी, खालचें पाणी आणि घाईनें ओढलेली पुढली जमीन. दगडावर ऊन कोठें संपतें आणि सावली कोठें सुरू होते, एवढेंच त्यानें पाहिलें; परंतु तें इतक्या सचोटीनें कीं, दिवसाचा प्रहर सांगतां यावा. ह्याच पुलाचें मोठें चित्र त्यानें १८२७ च्या सालाँ ह्या सरकारी प्रदर्शनासाठीं रचलें. तें आतां कॅनडांत ओटावा येथें आहे. त्यांत वाट आली, मेंढपाळ आले, छत्रीसारखे पाइन वृक्ष आले. क्लोद लोरँचें दीडशें वर्षांपूर्वींचें वळण आलें, आणि ऊन गेलें! अर्थात् दोष एकट्या कोरोचा नव्हे. अभ्यासचित्र हा त्या काळीं स्वयंपाकघरांतला जिन्नस. तो पंगतींत वाढण्याचा रिवाज नव्हता.

१८६४ चें ‘मोर्तफोंतेनची आठवण’ आम्ही ह्या आक्षेपांतून वगळतों. हें दृश्य नव्हे, आठवण आहे, असें तें नांवानेंच सांगतें. तळ्याकांठची ती स्त्री आणि दोन मुलें धूसरपणांतच शोभतात. पण तीच आठवण मागणीबरहुकूम पुनःपुन्हां येऊं लागली, तेव्हां तिचें सूत्र झालें, आणि सूत्राची नक्कल कोणासही साधते. कोरोच्या नांवावर खोटीं चित्रें एवढीं खपलीं, त्याचें एक कारण हेंच. दुसरें त्याचा भिडस्तपणा: गरजू चित्रकाराच्या नकलेवरही तो आपली सही करून देई. मिलेच्या विधवेस दहा हजार फ्रँक देणाऱ्या ह्या माणसाचें औदार्य खरें. त्याच्या कलेस मात्र तें महाग पडलें.

त्यानें मृत्युपत्रानें लूव्रला जीं दोन चित्रें ठेविलीं, त्यांत धुकें नाहीं. तीं १८२६ सालचीं रोममधलीं अभ्यासचित्रें आहेत: फार्नेझे बागेंतून दिसलेलें फोरम, आणि तेथूनच दिसलेलें कोलोसियम.